पाठ केलेल्या चाली तिसऱ्या चालीलाच संपतात

'स्पर्धेतला एक डाव घ्या, पहिल्या पंधरा चाली पाठ करा, ओपनिंग (डावाची सुरुवात) सुधारेल' हे बुद्धिबळावरच्या एका लेखातलं वाक्य मला अजिबात पटलं नाही. आमच्या पुतण्यानं रुय लोपेझ नावाचं ओपनिंग असंच घोकलं होतं. इथं कोल्हापुरातल्याच एका स्पर्धेत समोरच्या पोरानं तिसऱ्या चालीला प्यादं ए६ घरात नेऊन उंटावर चालून न येता डी६ खेळलं, आणि यानं सवयीनं उंट ए४ वर मागं घेतला. उंटावर कुणी चालूनच आलं नव्हतं! रात्री जेवण झाल्यावर स्कोअरशीट (चाली लिहिलेला कागद) पुढं घेऊन बसलो तेव्हा त्याचं त्यालाच कळलं, की तिथं डी४ करून पटाचा मध्य धरायला हवा होता. ही चाल आता तो जन्मात विसरणार नाही.

डाव अभ्यासायचाच तर 1918 चा न्यूयॉर्कमधला कापाब्लांका विरुद्ध मार्शल या दोन नावाजलेल्या खेळाडूंचा डाव घ्या, तोही रुय लोपेझच. पुढच्या चाली कागदानं झाका आणि प्रत्येक चाल आधी स्वतः शोधा. मार्शलनं आठव्या चालीला डी५ करून मुद्दाम प्यादं मारू दिलं, हल्ला चढवला, तरी हरला. पण त्याचं हे ओपनिंग मेलं नाही. अकराव्या चालीला त्यानं घोडा एफ६ वर नेला होता, तिथं आज सी६ खेळतात आणि त्याच्याच नावानं ओळखल्या जाणाऱ्या या मार्शल अटॅकला मोठमोठे खेळाडूही वचकून असतात. डाव कुठं बिघडला आणि तिथं काय बदललं, हे पोरांना पटावर सोंगट्या मांडून दाखवा. मोबाइलवर नको.