उजवी का डावी?

रात्री तीनला जाग येते. मग सोसायटीचा मेंटेनन्स, मुलीची दहावी आणि २००९ साली साहेबांना दिलेलं एक मूर्ख उत्तर, याच क्रमाने आढावा घेत मी दूधवाल्याची वाट बघतो. सहा महिने हे चाललं तेव्हा बायको म्हणाली, "अरे, दाखव कुणाला तरी." दाखवायचं ठरलं. शनिवारी अकरा वाजता, पन्नास मिनिटं.

आईला काय सांगायचं? आमच्या पुण्यात 'येरवडा' म्हटलं की तुरुंग आठवतो नाहीतर मनोरुग्णालय, आणि आईच्या लेखी डोक्याच्या तक्रारीला तिसरा पत्ताच नाही. मी सांगून टाकलं, "दाताच्या डॉक्टरकडे जायचंय."

"उजवी का डावी?"

"उजवी," मी म्हणालो. त्या रात्रीपासून ताटात मऊ भात आला. बुधवारी घरात चकल्या तळल्या. त्या मी वासावर भागवल्या.

गुरुवारी क्लिनिककडून मोबाईलवर फॉर्म आला. पीएचक्यू-९, म्हणजे नैराश्य किती आहे ते मोजायची प्रश्नावली. गेल्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती वेळा झाला, असे नऊ प्रश्न. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण २७. आयुष्यभर पैकीच्या पैकीमागे धावलेल्या माणसाला कमी गुण चांगले हे पचायला वेळ लागतो. पहिल्यांदा चार आले. एवढ्याशा गुणांवर पन्नास मिनिटं मागायची म्हणजे लाजच. पुन्हा सोडवला, एकोणीस आले, तेव्हा माझीच मला काळजी वाटायला लागली. शेवटी खरं खरं लिहिलं. अकरा. (ज्यांच्याकडे जायचं त्या बाई मानसशास्त्रज्ञ, म्हणजे गोळ्या लिहून देत नाहीत, ते काम मानसोपचारतज्ज्ञांचं. त्यामुळे आईला दाखवायला कागदाचा चिठोराही मिळणार नव्हता.)

मग बालपण. ते विचारतातच, असं ऑफिसातला एकजण चहाच्या टपरीवर म्हणाला होता. तो स्वतः कधी गेलेला नाही, पण बोलतो ठामपणे. माझ्या बालपणात काही सापडेना म्हणून नाशिकच्या ताईला फोन लावला.

"ताई, लहानपणी माझ्यावर काही अन्याय वगैरे झाला होता का गं?"

"तुझ्यावर? माझी सायकल तुला दिली होती बाबांनी!" पुढची चाळीस मिनिटं ताई बोलत होती. सायकल, आंब्याची कोय, सहलीचे पंचवीस रुपये. फोन ठेवताना म्हणाली, "बरं वाटलं रे बोलून." माझ्या वहीत एक ओळ पडली नव्हती.

शनिवारी शर्टावरून अडलं. इस्त्रीचा घातला तर 'याला काय धाड भरलीय' असं वाटणार; चुरगळलेला घातला तर बाई पहिल्या मिनिटालाच काहीतरी टिपून घेणार. तिसरा बदलताना बायको दारात येऊन म्हणाली, "मुलगी बघायला चाललायस का?"

चपला घालत होतो तेवढ्यात आई आली. हातात लवंग. "आ कर." पंचेचाळिसाव्या वर्षी आईसमोर आ करून उभा राहिलो. उजवीकडे, दाढेखाली, नीट दाबून बसवली तिने. "घाबरू नकोस. काय होतंय ते सगळं सांग डॉक्टरांना. लपवू नकोस काही."

जिना उतरताना तोंडभर झणझणत होतं, पण लवंग थुंकवेना.