‘एक तास काम म्हणजे रोजगार?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमचा आक्षेप थोडक्यात असा: आठवड्यात एक तास काम केलं तरी सरकार माणसाला रोजगारात धरतं, म्हणून ३.२ टक्के बेरोजगारी हा आकडाच बनावट आहे आणि मी तो न तपासता छापला. तुमचा भाऊ नेट (प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा) उत्तीर्ण आहे, तासिका तत्त्वावर आठवड्याला चार तास शिकवतो. तोही रोजगारात का, असं तुम्ही विचारलंय.

हो, धरला जातो. त्याचा तुम्हाला राग येतो, मलाही येतो. पण सगळा दोष त्या एका तासावर टाकला की खरी फट नजरेआड होते.

एका तासाची अट ३.२ टक्क्यांच्या मोजणीत नाहीच. सरकारच्या श्रमबल सर्वेक्षणाचा (पीएलएफएस) २०२३-२४ चा तो आकडा ‘नेहमीच्या स्थिती’चा आहे. मागच्या ३६५ दिवसांत माणसाचा बहुतेक काळ कशात गेला हे त्यात विचारतात, आणि जोडकाम म्हणून ३० दिवस भरले असतील तरी त्याला कामकऱ्यांत घेतात. एक तासाची अट ‘चालू आठवड्या’च्या मोजणीत लागते. त्या मोजणीने त्याच वर्षी दर निघाला ४.९ टक्के, म्हणजे जास्त. बेरोजगारी मुख्यतः त्या एका तासाआड लपत असती, तर उलट दिसलं असतं. जास्त झाकतात ते हे ३० दिवस.

बीडचं ऊसतोड जोडपं घ्या. दिवाळीच्या आसपास निघतं, कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की मार्च-एप्रिलमध्ये परततं. त्यातल्या बाईला पुढचे सहा-सात महिने हाताला काम मिळालं नाही, तरी वार्षिक मोजणीत ती कामकरीच, कारण ३० दिवस तिने केव्हाच ओलांडलेत. आता जूनचा आठवडा बघा. पाऊस लांबला, खुरपणी नाही, सात दिवसांत एकही रोज मिळाला नाही. आठवड्याच्या मोजणीत ती बेरोजगार ठरू शकते, पण त्यासाठी ‘काम मिळालं तर करीन’ हे नोंदलं जायला हवं. तिच्या वतीने घरातलं कुणी ‘ती घरचंच बघते’ म्हणालं, की ती श्रमबलाच्या, म्हणजे काम करणारे आणि काम मागणारे यांच्या, बाहेर. मग ती अंशात नाही आणि छेदातही नाही. काम मागणारी एक बाई कमी झाली, आणि दर तेवढा सुधारला.

शिवाय तोडीचा हिशेब कोयत्यावर, म्हणजे जोडप्यावर होतो, आणि उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, बहुधा नवऱ्याच्या हाती पडते. तिच्या एकटीच्या मजुरीचा आकडा तयारच होत नाही.

हे कुणाला आज सुचलेलं नाही. बेरोजगारीच्या अंदाजांसाठी नेमलेल्या दांतवाला तज्ज्ञ समितीने १९७० मध्येच बजावलं होतं की आपल्यासारख्या देशात बेरोजगारी एका आकड्यात मावणार नाही. त्यानंतर राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या १९७२-७३ च्या फेरीपासून वर्ष, आठवडा आणि दिवस अशा तीन मापांनी मोजणी सुरू झाली. बातमीत मात्र एकच आकडा येतो.

‘बनावट’ हा शब्द मला मान्य नाही, कारण दर घटल्याच्या फुगवलेल्या समाधानाला खोडणारी माहिती त्याच अहवालात छापलेली आहे. २०१७-१८ ते २०२३-२४ या काळात दर ६.१ वरून ३.२ वर आला. त्याच काळात एकूण काम करणाऱ्यांमध्ये नियमित पगारदारांचा वाटा २२.८ वरून २१.७ टक्क्यांवर उतरला. वाढला तो घरच्या शेतीत किंवा धंद्यात पगाराशिवाय राबणाऱ्यांचा वाटा, १३.६ वरून १९.४. पहाटे उठून म्हशींचं दूध काढून डेअरीला धाडणारी सून या मोजणीत रोजगारात आहे. तिचं काम मोजलं गेलं, हे मला हवंच आहे. पण तिला नोकरी मिळाली असा त्याचा अर्थ लावणं तिच्यावर अन्याय आहे. ज्याच्या घरात चार महिने बसून खाण्याची सोय आहे, तोच नोकरीची वाट बघत बेरोजगार राहू शकतो. बाकीचे मिळेल ते धरतात, आणि कामकऱ्यांत मोजले जातात. १५ ते २९ वयोगटात दर १०.२ टक्के दिसतो, त्यामागे हेही एक कारण आहे.

तुमच्या भावाबद्दल आणखी एक. आणखी तास काम करायची तयारी आहे का, हा प्रश्न याच सर्वेक्षणात विचारतात. उत्तराची नोंद होते, पण बेरोजगारीच्या दरात ती धरली जात नाही. माझ्या लेखातही ती नव्हती, ही माझी चूक. आज मूळ लेखात ३.२ च्या शेजारी ४.९ आणि २१.७ हे दोन्ही आकडे घातले आहेत.