आधी विचारा, सापडलं कुठे?

इंग्लंडमधल्या नॉरफोकच्या खाजणात हाडं सापडतात. इन्स्पेक्टर नेल्सनच्या मनात दहा वर्षं एकच नाव ठाण मांडून बसलेलं आहे, ल्यूसी डाउनी, हरवलेली लहान मुलगी. तो विद्यापीठात पुरातत्त्व शिकवणाऱ्या रूथ गॅलोवेला बोलावतो. ती हाडं बघते आणि सांगते, ही लोहयुगातली, साधारण दोन हजार वर्षांपूर्वीची. नेल्सनच्या हाती काहीच लागत नाही. रूथच्या हाती मोठा ठेवा लागतो. आणि मग दुसरी एक मुलगी नाहीशी होते.

एली ग्रिफिथ्स यांची ‘द क्रॉसिंग प्लेसेस’ ही कादंबरी २००९ साली आली. रूथची एकूण १५ पुस्तकं झाली, शेवटचं २०२३ मध्ये. मी राजापूर तालुक्यातली, गेली अकरा वर्षं याच नॉरफोकमधल्या किंग्ज लिन गावात नर्स आहे. नाइट ड्युटी संपवून आल्यावर झोप लागत नाही, तेव्हा लायब्ररीतून आणलेली ही पुस्तकं मी एकामागून एक वाचली. रूथ वजनाने भारी, चाळिशीला टेकलेली, दोन मांजरांबरोबर खाजणाच्या काठी एकटी राहणारी बाई. पोलीस नाही, हेर नाही. तिला माती वाचता येते, एवढ्यावर ती गुन्ह्याच्या तपासात ओढली जाते.

पहिल्या पुस्तकाची कल्पना लेखिकेला नवऱ्याच्या एका वाक्यावरून सुचली. तो स्वतः पुरातत्त्वज्ञ. टिचवेलच्या दलदलीतून फिरताना तो म्हणाला, की जुन्या काळचे लोक अशी जागा पवित्र मानायचे, कारण ती धड जमीन नाही, धड समुद्र नाही. जगण्याच्या आणि मरणाच्या मधली जागा. वेशीवरच्या राखणदाराला नारळ देणाऱ्या आम्हा कोकणातल्या लोकांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

कादंबरीत समुद्रकाठी लाकडी खांबांचं एक प्राचीन वर्तुळ आहे. तसं खरं वर्तुळ इथून जवळच, होम-नेक्स्ट-द-सी गावच्या किनाऱ्यावर १९९८ मध्ये उघडं पडलं. ओकचे ५५ खांब आणि मधोमध ओकचंच एक प्रचंड खोड, मुळं आभाळाकडे करून उलटं पुरलेलं. १९९९ मध्ये ते उकरून काढायचं ठरलं तेव्हा गावकरी आणि निसर्ग पूजणाऱ्या ड्रुइड पंथाचे लोक आडवे आले. जिथे आहे तिथेच राहू द्या, समुद्राचं आहे ते समुद्राला घेऊ द्या, असं त्यांचं म्हणणं. त्याआधी तारीख काढायला मधल्या खोडाचा एक तुकडा चक्क चेनसॉने, म्हणजे यंत्राच्या करवतीने, कापला होता, त्यावरून तर फारच गदारोळ झाला होता.

आता ते खोड किंग्ज लिनच्या संग्रहालयात आहे. सुट्टीच्या दिवशी मी जाऊन त्याच्यासमोर बसते. लाकडावर कुऱ्हाडीच्या घावांच्या खुणा अजून स्पष्ट दिसतात, चमच्याने खरवडल्यासारख्या उथळ, एकाशेजारी एक. प्रत्येक पात्याची धार थोडी वेगळी, म्हणून प्रत्येकाची खूण वेगळी. अभ्यासकांनी त्या जुळवून पाहिल्या, तर पन्नासहून जास्त निरनिराळ्या कुऱ्हाडी निघाल्या. म्हणजे हे एकट्यादुकट्याचं काम नव्हतं, अख्खा गाव लोटला होता. खोड ओढून आणायला हनीसकलच्या वेलीचा दोर वळला होता, तोही खोडाला गुंडाळलेला मिळाला. आणि लाकडातल्या वर्षागणिक वाढणाऱ्या कड्यांवरून कळलं, की झाडं तोडली इसवी सनपूर्व २०४९ मध्ये, वसंताच्या सुमाराला. चार हजार वर्षांपूर्वीचा ऋतूसुद्धा कळला. माझं स्पष्ट मत आहे, की तो चेनसॉ टोचला तरी चालवायलाच हवा होता. पण विरोध करणाऱ्यांचं दुःखही खोटं नव्हतं. कादंबरीत कॅथबॅड नावाचा ड्रुइड हेच दुःख मांडतो, आणि लेखिका त्याला वेड्यात काढत नाही.

हे वाचत होते आणि दुसरीकडे फोनवर गावचा ग्रुप पेटलेला असायचा. एप्रिल २०२३ मध्ये आमच्या तालुक्यातल्या बारसूच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, रिफायनरीसाठी माती परीक्षण सुरू झालं, तेव्हा बायका भर उन्हात रस्त्यावर आडव्या झाल्या. त्याच सड्यावर जांभ्यात कोरलेली कातळशिल्पं आहेत. एका शिल्पात मधे माणूस आणि दोन्ही बाजूंना उभे ठाकलेले वाघासारखे प्राणी. अशीच मांडणी सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवर आहे, मेसोपोटेमियातही आहे. कोकणातली ही कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली. ग्रुपवर मात्र त्या माणसाला दोन्ही बाजूंनी साक्षीला उभं केलं गेलं. एक म्हणे, हा आमचा हजारो वर्षांचा वारसा, प्रकल्प हटवा. दुसरा म्हणे, दगडावरच्या रेघोट्यांसाठी पोरांच्या नोकऱ्या घालवता काय. ही कोरलेली कशाने, कुणी, कधी, शेजारी काय सापडतं, हे विचारणारा एकही मेसेज मला आला नाही. प्रकल्पाबद्दल मी इतक्या लांबून निवाडा देणार नाही, तिथे राहणाऱ्यांचा तो हक्क आहे. पण शिल्पांबद्दल बोलणार. कारण सड्यावर मातीचे थर नाहीत, त्यामुळे त्यांचा काळ ठरवणं आधीच अवघड आहे. आजूबाजूची जमीन, तिथली दगडी हत्यारं, शिल्पातले प्राणी, एवढाच पुरावा. तो गेला की नुसतं चित्र उरेल.

नुसती वस्तू उरली की काय होतं, हे आपण दायमाबादला पाहिलं आहे. १९७४ साली प्रवराकाठी छबू लक्ष्मण भिल्ल या शेतकऱ्याला झुडपाचं खोड खणताना चार ब्राँझच्या मूर्ती मिळाल्या. बैलांचा रथ आणि तो हाकणारा माणूस, हत्ती, गेंडा, रेडा. इतकं देखणं काम, की बघतच राहावं. पण त्या शास्त्रशुद्ध उत्खननात, ठरावीक थरातून आलेल्या नाहीत. म्हणून काही अभ्यासक त्यांना उत्तर हडप्पा, म्हणजे सिंधू संस्कृतीच्या अखेरच्या काळातल्या मानतात, तर काहींना धातूतल्या आर्सेनिकमुळे त्या बऱ्याच नंतरच्या वाटतात. चूक छबूंची अजिबात नाही. ते आपलं शेतातलं काम करत होते. गोष्ट एवढीच, की ओकच्या खोडाचा ऋतू सांगता येतो आणि आपल्या रथाच्या शतकावरही एकमत होत नाही.

माझ्या माहेरच्या सड्यावर एक मासा होता. लहानपणी गुरांमागे गेलं की आम्ही त्याच्या पोटावर बसून करवंदं खायचो. आजी म्हणायची, पांडवांनी एका रात्रीत कोरला. पहिल्या पावसात त्याच्या रेषेत पाणी भरायचं आणि मासा चमकायला लागायचा. तीन वर्षांपूर्वी गेले तर तिथे चिरेखाण. माशाची शेपटी आहे, पुढे सरळ कापलेली भिंत आणि खाली हिरवं पाणी. त्या चिऱ्यांचं कुणाचं तरी घर उभं राहिलं असेल. खाणवाल्याशी भांडायला गेले, तर तो खरंच गोंधळून म्हणाला, “ताई, कुणी सांगितलंच नाही की यात काय आहे म्हणून.” यावर मला उत्तर सुचलं नाही. सांगायला हवं होतं आम्हीच.

इंग्लंडमध्ये सगळं आलबेल आहे असं नाही. रात्री चोरून शेतात मेटल डिटेक्टर फिरवणारे इथेही आहेत. पण १९९७ पासून सामान्य माणसाला सापडलेल्या वस्तूंची नोंद करणारी योजना इथे आहे, आणि वस्तूबरोबर जागाही लिहून घेतात. माझ्या वॉर्डातल्या एका म्हाताऱ्या पेशंटला बागेत रोमन नाणं मिळालं होतं. बोलताना आधी त्याने मला सांगितलं ते कुठल्या झाडाखाली आणि किती खोल. नाण्यावर राजा कुठला ते नंतर. ही सवय कायद्याने लागते तशी गोष्टींनीही लागते, असं मला मनापासून वाटतं. रूथची पुस्तकं वाचणारा माणूस हाड दिसलं की हात मागे घेईल.

आपल्या रहस्यकथेत खोदकाम आलं की गुप्तधन येतं, हंडा येतो, नागाचा पहारा येतो. तेही मी चवीने वाचलं आहे. पण हसमुख सांकलियांनी जिथे पुरातत्त्वाचा विभाग घडवला ते डेक्कन कॉलेज पुण्यात आहे, पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला सुमारे बारा हंगाम माती चाळली गेली, घरात जमिनीखाली मडक्यांत पुरलेली लहान मुलं तिथे मिळाली. कुठल्या रहस्यकथाकाराला आणखी काय हवं? तिथे ब्रश घेऊन बसलेली एखादी बाई नायिका म्हणून माझ्या वाचनात अजून आलेली नाही. कुणी लिहावी, मी वाट बघते आहे. खून सड्यावर होऊ दे, प्रेत चिरेखाणीच्या पाण्यात मिळू दे, आणि पोलिसांच्या आधी तिच्या लक्षात येऊ दे की कातळावरची एक रेष ताजी आहे.

तोवर माझा आतेभाऊ कामाला लागला आहे. सड्यावर अजून नऊ चित्रं आहेत. गेल्या रविवारी त्याने पहिलं हिराच्या झाडूने झाडून स्वच्छ केलं, मापासाठी शेजारी कोयती ठेवली आणि फोटो पाठवला. मी लगेच फोन केला. म्हटलं, “छान आलाय रे, पण पुढच्या वेळी झाडण्याआधीचाही एक काढ. आणि कोयतीचं टोक उत्तरेला कर.”

“ताई, गवतासकट काढू?”

“गवतासकट.”