माझ्या बुडाशी तुमची ओळख?

परवा मंगळवारी सकाळी इमारतीच्या तळघरात मी हातात ओले मोजे धरून उभा होतो, तेव्हा तळमजल्यावरच्या बाईंनी माझी जाहिरात मला परत दिली. तपासून. लाल बॉलपेननं. चौथीतल्या शुद्धलेखनाच्या वहीनंतर इतका लाल रंग एका कागदावर मी पाहिला नव्हता.

थोडक्यात सांगतो. मी झुरिकमध्ये राहतो आणि ऑनलाइन मार्केटिंगवर पोट भरतो. एका जर्मन कंपनीला सायकलच्या सीटवर चढवायची जेलची गादी स्वित्झर्लंडमध्ये खपवायची होती. "मजकूर तयारच आहे, भाषा एकच, युरोच्या जागी फ्रँक टाका," असं तिथले साहेब म्हणाले. मी टाकलं. मेल गेली. बाईंनी पूर्वी त्याच दुकानातून सायकलची घंटी घेतलेली, त्यामुळे त्यांनाही गेली, आणि त्यांनी ती छापून घेतली. आणि ते काम माझं, ही फुशारकी मागच्याच महिन्यात मी लिफ्टमध्ये त्यांच्यासमोर मारून ठेवली होती.

"तुमच्या टपालपेटीत टाकणार होते," बाई म्हणाल्या, "पण पेटीवर 'कृपया जाहिराती नकोत' असं लिहिलंय."

म्हणजे माझीच जाहिरात, माझ्याच स्टिकरचा मान राखून, माझ्या हातात. आणि गाठायची जागा कुठली, तर वॉशक्युखे. हे इकडचं सामाईक धुणीघर. भिंतीवर वेळापत्रक असतं, ज्याची पाळी त्याचं मशीन. माझी पाळी सात ते दहा, त्यानंतर बाईंची. पळून जायला जागा नव्हती. मशीनमध्ये माझ्या चादरी फिरत होत्या.

"हे 'फारराड' कुठून आलं? आमच्याकडे सायकल म्हणजे वेलो."

"पण कळतं ना?"

"कळतं की. जर्मन माणूस बोलतोय, हे लगेच कळतं."

मग अक्षरं. जर्मनीत काही शब्दांत दोन 'एस'च्या जागी इंग्रजी 'बी'सारखं दिसणारं एक अक्षर लिहितात. स्वित्झर्लंडमध्ये ते वापरतच नाहीत, सरळ दोन 'एस' लिहितात. बाईंनी सहा ठिकाणी गोल केले होते. "माझ्या कीबोर्डवर ही कळ नाही," त्या म्हणाल्या, "तुमच्याकडे आहे का?" आवाजात कुतूहल इतकं खरं होतं की मी 'नाही' म्हणालो.

मग किंमत: 49.99 फ्रँक. (राप्पेन म्हणजे इथला पैसा, शंभरांचा एक फ्रँक.)

"एक राप्पेनचं नाणं 2007 पासून चालत नाही. सगळ्यात लहान नाणं पाचाचं. मी तुम्हाला पन्नास दिले, तर वरचा एक राप्पेन कसा परत करणार?"

"अहो, हे ऑनलाइन आहे, कार्डानं..."

"कार्ड? बिल नाही?"

इथे मला थांबून सांगायलाच हवं. आपल्याकडे दुकानात पाटी असते, 'आज रोख, उद्या उधार', आणि उधारी मागणाऱ्याकडे वाणी कसा बघतो ते आपण लहानपणी बघितलंय. इथे उलटं. वस्तू आधी घरी येणार, सोबत बिल, पैसे नंतर, बहुतेकदा 30 दिवसांत. आधी पैसे मागणारा तोच संशयास्पद. मी साहेबांना हे दोनदा कळवलं होतं. उत्तर आलं, आमची प्रणाली तशी नाही. बरं, मग मला विचारलंत कशाला?

"आणि कोपऱ्यात हा स्विस झेंड्यावरचा पांढरा क्रॉस कशाला? गादी कुठे बनते?"

मी मशीनकडे बघत म्हणालो, "लांब."

"2017 पासून कायदा आहे. साठ टक्के खर्च इथे झालेला असला तरच हा लावायचा." ही बाई पूर्वी कोण होती, न्यायाधीश की कस्टममध्ये, मला आजही कळलेलं नाही.

पण खरा घाव शीर्षकात होता. 'तुझ्या बुडाला सुख दे!' बाईंनी त्याखाली तीन रेघा मारल्या होत्या.

"माझ्या बुडाशी तुमची ओळख कधी झाली?"

मी काहीतरी पुटपुटलो, तरुण ब्रँड वगैरे.

"यजमान गेल्यापासून मला 'तू' म्हणणारी तीन माणसं उरलीत. त्यातल्या एकीशी मी बोलत नाही."

यावर काय बोलणार? मला लाज वाटली, आणि लाज वाटल्याचा रागही आला. कारण पुण्याला गेलो की बसस्टॉपवरच्या 'परिवारासोबत बंपर छूट'चे फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकणारा मीच. दिल्लीत बसून कुणीतरी मराठी लिहिलंय म्हणून दोन-दोन परिच्छेद तणतणणारा मीच. आणि इकडे बाईंच्या दारात मी नेमकं तेच नेऊन ठेवलं होतं. वर साहेब म्हणतात, फ्रेंच मजकूरही पॅरिसवरून तयार आहे. स्वित्झर्लंडमधल्या फ्रेंचभाषी लोझानच्या माणसाला सत्तर म्हणजे 'सेप्तांत', पॅरिसचं 'साठ आणि दहा' त्याच्या तोंडात बसत नाही, हे आता त्यांना मी पुन्हा लिहायचं. फुकट. करारात 'दुरुस्त्या समाविष्ट' असा शब्द आहे. तो वाचून मी सही केली होती, हे कबूल.

"शेवटचं," बाई म्हणाल्या. "साइटच्या पानावर घड्याळ होतं. 'फक्त दोन तास उरले.' मी अंड्याचं घड्याळ लावलं. ते साठ मिनिटांचंच आहे, म्हणून दोनदा लावलं. मग पान उघडलं, तर पुन्हा दोन तास."

"हो का?"

"संध्याकाळी परत लावलं. पुन्हा दोन तास. संपतात कधी?"

ते घड्याळ माझ्या मनातून आलेलं नव्हतं, साहेबांच्या तयार साच्यात होतं, हे मी सांगितलं. ते ऐकून बाईंनी कागदाच्या तळाशी, सहीच्या जागी, आणखी एक छोटी रेघ मारली. कशाची, ते विचारायचा धीर झाला नाही. मी विषय बदलायला म्हणालो, गादी घ्यायचीच असेल तर मी माझ्या ओळखीनं बिलावर मिळवून देतो, 49.90 ला.

त्यांनी विचार केला. "जर्मनीतून आली आणि कस्टमचे पैसे लागले, तर ते कोण भरणार?"

तेवढ्यात त्यांच्या एप्रनच्या खिशात टिर्रर्र वाजलं. बाईंनी पिवळ्या कोंबडीच्या आकाराचं अंड्याचं घड्याळ बाहेर काढलं, बंद केलं आणि भिंतीवरच्या वेळापत्रकावर बोट ठेवलं.

"दहा वाजले."

माझ्या चादरींचा पिळायचा फेरा अजून सहा मिनिटं बाकी होता. बाई टोपली घेऊन दाराशी उभ्या राहिल्या.