फ्लुरोसन्स मायक्रोस्कोप जंतू ‘जास्त मोठा’ दाखवत नाही

टीबीच्या तपासणीबद्दल एक मजकूर बराच फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: फ्लुरोसन्स मायक्रोस्कोप म्हणजे साधाच मायक्रोस्कोप, फक्त निळा दिवा बसवलेला, तो जंतू कितीतरी मोठा करून दाखवतो, आणि त्यात जो चमकतो तो जंतू जिवंत असतो. यातलं एकही विधान टिकत नाही, आणि शेवटच्यामुळे तर रुग्ण विनाकारण हवालदिल होतात.

आधी मोठं दिसण्याचं. प्रत्यक्षात उलटं आहे. झील-नेल्सन पद्धतीनं रंगवलेली थुंकीची स्लाइड साध्या मायक्रोस्कोपखाली तपासताना तेलाचा थेंब टाकून १००चं भिंग लावतात, म्हणजे डोळ्याजवळचं १०चं भिंग धरून १,००० पट. फ्लुरोसन्ससाठी ऑरामाइन या चमकणाऱ्या रंगद्रव्यानं रंगवलेली स्लाइड मात्र २०च्या भिंगाखाली, २०० पटीतच वाचायला घेतात. शंका आली तरच ४०चं भिंग फिरवतात. मग जंतू सापडतो कसा? मागच्या अंधारामुळे. झील-नेल्सनमध्ये निळ्या पसाऱ्यात २ ते ४ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लाल काडी हुडकायची असते. ऑरामाइनमध्ये तीच काडी काळ्याभोर पटावर हिरवट-पिवळी उजळते. रेघेएवढीच दिसते, पण नजरेतून सुटत नाही. शिवाय २०च्या भिंगात एका वेळी दिसणारं क्षेत्र १००च्या भिंगाच्या साधारण २५ पट असतं. दिवसभर स्लाइड वाचणाऱ्या टेक्निशियनला विचारा, याचं मोल काय ते. संवेदनशीलताही, म्हणजे खरे रुग्ण पकडण्याची क्षमता, सरासरी १० टक्क्यांच्या आसपास जास्त भरते, म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेनं २०११मध्ये एलईडीवर चालणाऱ्या फ्लुरोसन्स मायक्रोस्कोपची शिफारस केली.

बारीक तपशील वेगळे दिसण्याची मर्यादा दोन्हीकडे प्रकाशलहरींनीच घातलेली आहे, उत्तम भिंगातही सुमारे ०.२ मायक्रॉन. ती ओलांडणाऱ्या खास पद्धतींना २०१४चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, पण ती यंत्रं थुंकी तपासायला वापरत नाहीत.

आता निळा दिवा. साध्या मायक्रोस्कोपला निळा बल्ब लावलात तर सगळं निळं दिसेल, बाकी काही नाही. कारण तिथे दिव्याचाच उजेड नमुन्यातून आरपार येऊन डोळ्यात शिरतो. फ्लुरोसन्समध्ये तो उजेड डोळ्यापर्यंत पोचू द्यायचाच नसतो. एक गाळणी फक्त निळा प्रकाश पुढे सोडते, तिरपा बसवलेला खास आरसा तो भिंगातूनच नमुन्यावर टाकतो, ऑरामाइन तो शोषून जास्त तरंगलांबीचा प्रकाश बाहेर टाकतं. परतताना दुसरी गाळणी उरलासुरला निळा अडवते आणि रंगद्रव्याचा प्रकाश तेवढा वर येऊ देते. सगळी करामत या गाळण्यांची आहे. दुसरी गाळणी काढलीत तर परतणाऱ्या निळ्या झगमगाटात जंतू बुडून जाईल.

राहिला ‘जिवंत’चा मुद्दा. ही चमक जंतूची नसून ऑरामाइनची असते. जंतूच्या भिंतीतली मायकोलिक आम्लं ते धरून ठेवतात, आणि जंतू मेला तरी भिंत काही काळ शाबूत राहते. त्यामुळे औषधं चालू असलेल्या माणसाच्या स्लाइडवर मेलेले जंतूही तसेच चमकतात. झील-नेल्सनचंही हेच आहे. रिपोर्ट पुन्हा पॉझिटिव्ह आला म्हणून ‘औषध लागू पडत नाही’ असं ठरवून गोळ्या सोडू नका. जंतू जिवंत आहेत का हे कल्चरवर, म्हणजे ते प्रयोगशाळेत वाढवून पाहिल्यावर कळतं, त्याला काही आठवडे लागतात. तोवर गोळ्या चालूच ठेवायच्या आणि तो रिपोर्ट डॉक्टरांना दाखवायचा.