हामोन म्हणजे मांस नाही का?

स्पेनमध्ये दर वेळी तेच! सेव्हिल असो, कॉर्डोबा असो की माद्रिद. मी घोकून ठेवलेलं वाक्य स्पष्ट बोलते, "सिन कार्ने, पोर फावोर." मांस नको. वेटर मान डोलावतो आणि मटारची भाजी येते ती हामोनचे, म्हणजे खारवून सुकवलेल्या डुकराच्या मांसाचे, तुकडे घालून!

तिथे 'कार्ने' म्हटलं की बऱ्याच जणांच्या डोळ्यांसमोर मांसाचा मोठा तुकडा येतो. हामोन त्यात धरतच नाहीत, ट्यूना मासा तर नाहीच. सालमोरेहो म्हणजे टोमॅटो, पाव, लसूण आणि ऑलिव्ह तेलाचं घट्ट, गार सूप. किती सुंदर पदार्थ! पण वरून अंड्यासोबत हामोन भुरभुरलेलं. मसुरात चोरिसो, म्हणजे डुकराच्या मांसाचं सॉसेज. 'सँडविच वेजेताल' मागवावं तर आत ट्यूना. अहो, नावातच भाजी आहे ना!

त्यात रात्री साडेआठ-नऊशिवाय स्वयंपाकघर सुरू होत नाही. सोबत सत्तरीची आई, तिच्या मधुमेहाच्या गोळ्या, आणि नऊ वाजता समोर आलेलं ताट परत पाठवायचं. पोटात आग पडते.

पालक-चणे, मध घातलेली तळलेली वांगी, भाजलेल्या भाज्यांची एस्कालिवादा, हे सगळं त्यांचंच, पिढ्यान्‌पिढ्यांचं. मग कशात काय घातलंय ते लिहायला काय होतं? युरोपीय नियमाने 14 ॲलर्जीकारक घटकांची माहिती द्यावीच लागते. त्यात मासे आहेत, अंडी आहेत. डुकराचं मांस नाही!