लिव्हरपूलचा ‘कॉप’, गांधीजी आणि फॉरवर्डमधल्या थापा

भाचीला ३० जानेवारीला शाळेत गांधीजींवर बोलायचं आहे. तिच्या वहीत मधेच लिव्हरपूल फुटबॉल क्लबचं नाव दिसलं म्हणून विचारलं, तर म्हणाली, “अरे मामा, आजोबांनी पाठवलं होतं ना ग्रुपवर.” म्हणजे तोच फॉरवर्ड. आजोबांना कुणी पाठवला हे विचारण्यात अर्थ नाही, पण पोरगी आता ते माईकवर बोलणार म्हटल्यावर गप्प बसवेना.

ज्यांच्यापर्यंत तो पोचला नसेल त्या भाग्यवंतांसाठी थोडक्यात सांगतो. लिव्हरपूलच्या ॲनफिल्ड मैदानावर गोलच्या मागे जो जगप्रसिद्ध ‘कॉप’ स्टँड आहे, त्याला इंग्रजांनी म्हणे गांधीजींच्या सन्मानार्थ ते नाव दिलं. १९०० साली दक्षिण आफ्रिकेत ‘स्पायन कॉप’ नावाच्या टेकडीवर गांधीजींनी जखमी चर्चिलला स्ट्रेचरवरून खाली आणून त्याचा जीव वाचवला. त्यामुळे इंग्रज ती लढाई जिंकले. मग त्या टेकडीची माती जहाजातून लिव्हरपूलला नेऊन हा स्टँड बांधला, आणि जगात असा कॉप एकच आहे. शेवटी ‘हे तुम्हाला शाळेत कधीच शिकवणार नाहीत’ आणि ओळीने तिरंगे.

आधी लढाई जिंकल्याचं बघू, कारण ते एका परिच्छेदात संपतं. इंग्रज हरले. साधे नाही, सणसणीत हरले. लेडीस्मिथ गावात इंग्रज फौज होती आणि त्याला बोअरांचा, म्हणजे दक्षिण आफ्रिकेतल्या डच वंशाच्या वसाहतवाल्यांचा, वेढा पडला होता, तो फोडायला इंग्रजांचा जनरल बुलर टुगेला नदी ओलांडू बघत होता. २३ जानेवारी १९०० च्या रात्री त्याच्या सैनिकांनी धुक्यात टेकडी चढून ताब्यात घेतली आणि खडकाळ जमिनीत जेमतेम गुडघाभर चर खणला. सकाळी धुकं विरल्यावर कळलं, की आपण भलत्याच जागी बसलोय आणि आजूबाजूच्या उंचवट्यांवर बोअर आहेत, तोफांसकट. दिवसभर त्या उथळ चरात माणसं मरत राहिली. सुमारे २५० इंग्रज सैनिक मेले, जखमी आणि कैदी धरले तर आकडा हजाराच्या बराच वर जातो. रात्री कर्नल थॉर्नीक्रॉफ्टने माघार घेतली आणि दुसऱ्या दिवशी टेकडी बोअरांच्या हातात होती. वेढा उठला तो २८ फेब्रुवारीला, तोही या टेकडीमुळे नव्हे. त्या चरातच मेलेल्यांना पुरलं, आणि ती लांबलचक कबर आजही तिथे आहे. जिथे आपलीच माणसं पुरली आहेत तिथली माती उकरून फुटबॉलच्या मैदानासाठी जहाजात भरली, असं लिहिणाऱ्याला एकदाही कसंसं झालं नाही? ॲनफिल्डचा ढिगारा राखेचा होता. विषय संपला.

आता चर्चिल. या मुद्द्यावर मला जास्त वेळ घालवायचा आहे, कारण इथे नुसती थाप नाही, खऱ्या माणसांचा हक्क मारला गेलाय.

एक गोष्ट कबूल करतो, नाइलाजाने. गांधीजी स्पायन कॉपला होते. चर्चिलही होता. बोअरांचा सेनापती लुई बोथा, जो पुढे १९१० मध्ये दक्षिण आफ्रिकेचा पहिला पंतप्रधान झाला, तोही होता. तीन भावी बडी माणसं एकाच लढाईत हे खरं आहे आणि तेवढंच पुरेसं थरारक आहे. पण फॉरवर्डवाल्यांना तेवढ्याने भागत नाही.

चर्चिल त्या वेळी पंचविशीचा, ‘मॉर्निंग पोस्ट’चा बातमीदार आणि त्याच वेळी साउथ आफ्रिकन लाइट हॉर्सचा लेफ्टनंट. तो त्या दिवशी टेकडीवर स्वतःच्या पायांनी चढला आणि निरोप पोचवून स्वतःच्याच पायांनी उतरला. तो जखमी झालाच नव्हता. तिथे गांधीजींची आणि त्याची गाठ पडल्याची नोंद नाही. दोघांची भेट झाली ती १९०६ मध्ये लंडनला, चर्चिल वसाहत खात्याचा उपमंत्री असताना, आणि ती अर्जविनंत्यांची भेट होती. ज्याने जीव वाचवला त्याला हा गृहस्थ १९३१ मध्ये ‘अर्धनग्न फकीर’ म्हणेल? म्हणेलही म्हणा, चर्चिलचा काही नेम नाही. पण मुळात जीव वाचवलाच नव्हता.

मग वाचवलं कुणाला? इथे गांधीजींची आत्मकथा उघडावी. घरोघरी असते, बक्षीस म्हणून मिळालेली, पानं न फाडलेली. बोअर युद्धावरचं प्रकरण दोन-तीन पानांचं आहे, फॉरवर्ड लिहिण्याइतकाच वेळ लागतो वाचायला. त्यात गांधीजी सरळ सांगतात, की त्यांची वैयक्तिक सहानुभूती बोअरांच्या बाजूने होती, पण ब्रिटिश प्रजाजन म्हणून हक्क मागायचे तर कर्तव्यही केलं पाहिजे या विचाराने त्यांनी जखमींच्या सेवेसाठी पथक उभारलं. पथकात सुमारे ११०० माणसं होती. त्यातले जवळपास ३०० स्वतंत्र भारतीय, आणि बाकीचे सगळे गिरमिटिये. म्हणजे उसाच्या मळ्यांत आणि खाणींत करारावर राबणारे मजूर. त्यांना गोळीबाराच्या टप्प्यात जायची सक्ती नव्हती. स्पायन कॉपच्या पराभवानंतर बुलरचा निरोप आला, की तुमच्यावर बंधन नाही, पण रणांगणावरून जखमी आणलेत तर सरकार आभारी राहील. ही माणसं गेली. त्या दिवसांत जखमी स्ट्रेचरवर घेऊन रोज वीस-पंचवीस मैल चालली. कुणी वीस मैल स्ट्रेचरचा दांडा खांद्यावर घेऊन बघावं, वर विव्हळणारा माणूस, दक्षिण आफ्रिकेतला जानेवारी म्हणजे भर उन्हाळा, आणि मग लिहावं ‘गांधीजींनी चर्चिलला उचललं’.

त्यांनी वाहून नेलेल्यांत एक जनरल होता, वुडगेट. टेकडी ज्याने रात्री सर केली तोच. आत्मकथेत त्याचं नाव आहे. माझा अंदाज असा, की कुणीतरी हे वाचलं, वुडगेट कोण हे आपल्या वाचकाला कळणार नाही असं वाटलं, आणि त्या जागी चर्चिल चिकटवला. बिचारा वुडगेट तर वाचलाही नाही, दोन महिन्यांनी त्याच जखमांनी गेला. आणि ते आठशे गिरमिटिये? फॉरवर्डमध्ये त्यांना एक ओळसुद्धा नाही. अभिमानच वाटून घ्यायचा होता ना, मग तो त्यांचा घ्यायचा होता.

या फॉरवर्डचा एक जुळा भाऊही फिरतो, त्यात गांधीजी ‘इंग्रजांकडून बंदूक घेऊन लढले’ असं असतं. त्याला उत्तर याच पानांत आहे. हातात बंदूक नव्हती, स्ट्रेचर होतं. साम्राज्यनिष्ठेबद्दल गांधीजींना जरूर सुनवा, त्यांनी ती लपवलेली नाही. पण जे केलं त्याबद्दल सुनवा.

राहिलं नाव. १९०६ मध्ये लिव्हरपूल दुसऱ्यांदा लीग जिंकलं, तेव्हा मैदानाच्या एका टोकाला उभ्याने सामना बघायला उंच ढिगारा घालून पायऱ्या केल्या. त्याला स्पायन कॉप म्हणा असं सुचवलं अर्नेस्ट एडवर्ड्स नावाच्या स्थानिक क्रीडा संपादकाने. सहा वर्षांपूर्वीच्या त्या लढाईत लँकाशायरच्या, म्हणजे लिव्हरपूल ज्या परगण्यात होतं तिथल्याच, पलटणी चिरडल्या गेल्या होत्या, जखम ताजी होती, आणि उभ्या चढावर दाटीवाटीने उभी माणसं बघून कुणालाही तीच टेकडी आठवली असती. गांधीजींचा यात काडीचा संबंध नाही. १९०६ मध्ये लिव्हरपुलातल्या गोदी कामगाराला गांधी हे नाव ठाऊक असायचं कारणच नव्हतं. आणि ‘लिव्हरपूलच्या पलटणीने टेकडी लढवली’ असं जे क्लबचे आपल्याकडचे चाहते ठोकून देतात, तेही जरा दमाने घ्यावं. टेकडीवर लँकाशायर फ्युझिलिअर्स वगैरे होते. खुद्द लिव्हरपूलच्या नावाची किंग्ज रेजिमेंट, तिची पहिली बटालियन तेव्हा लेडीस्मिथच्या वेढ्यात आत अडकली होती.

शिवाय हे नाव ॲनफिल्डने शोधलेलंही नाही. त्याच्या दोन वर्षं आधी, १९०४ मध्ये, लंडनच्या प्लमस्टेडमधल्या वुलिच आर्सेनलच्या (आजचा आर्सेनल क्लब) मैदानावरच्या ढिगाऱ्याला हेच नाव पडलं होतं. म्हणजे मान द्यायचाच तर आर्सेनलला द्यावा लागेल, आणि हे लिव्हरपूलच्या चाहत्याला तोंडावर सांगायची माझी तयारी आहे.

१९०६ चा तो ढिगाराही आता तसा नाही. १९२८ मध्ये वर छप्पर आलं. एके काळी पंचवीस-तीस हजार माणसं तिथे उभी राहायची. १९८९ मध्ये शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूलचे चाहते चेंगरून मेले, त्या दुर्घटनेनंतर उभ्याचे स्टँड बंद करायचं ठरलं आणि ३० एप्रिल १९९४ ला नॉर्विचविरुद्ध तिथल्या पायऱ्यांवरून लोकांनी शेवटचा सामना पाहिला. लिव्हरपूल तोही हरलं, ०–१. आज तिथे बारा हजारांच्या आसपास खुर्च्या आहेत.

आणि ‘जगात कॉप एकच’ हे वाक्य जमलं तर शेफील्डला जाऊन म्हणावं. वेन्सडे आणि युनायटेड हे तिथले दोन हाडवैरी क्लब. एकाचं मैदान हिल्सबरो, दुसऱ्याचं ब्रॅमल लेन. दोघांकडेही स्वतःचा कॉप आहे, आणि दोघांनाही आपलाच खरा वाटतो.